राहिलेली हळद

नवीन पनवेल
९ नोव्हेंबर २००९

सोनाबाय, नमस्कार.

फोनवर माझा आवाज आला की तुम्ही ठेवून देता. साडेसहा वर्षांत चारदा ठेवलात. म्हणून पत्र लिहितोय. पत्र फेकायचं म्हटलं तरी आधी फोडून बघावं लागतं, आणि फोडल्यावर माणूस दोन ओळी वाचतोच. तुम्ही बोट ठेवून वाचता हे मला माहीत आहे, म्हणून अक्षर मोठं काढलंय.

तुमच्या बहिणीला, रंभाला, कॅन्सर झालाय. घाबरू नका. डॉक्टरही आधी तेच सांगतात आणि मग घाबरू नका म्हणतात, तीच सवय मला लागली. छातीत गाठ होती. दिवाळीच्या आधी ऑपरेशन होऊन ती निघाली. आता केमो चालू आहे, म्हणजे शिरेतून औषध सोडतात. दर एकवीस दिवसांनी एक, असे सहा. पहिला गुरुवारी झाला. सहाच्या सहा झाले तर गाठ परत यायची भीती खूप कमी, आणि मध्ये सोडलं तर डॉक्टर काही हमी देत नाहीत. मला ते पटलं. तीस वर्षं मोटारी वायंडिंग करतोय. अर्धे वेढे घालून सोडलेली मोटार फिरत नाही, जळते.

औषध लालभडक असतं. सिस्टरने बाटली टांगली तर रंभा विचारते, "सरबत हाय काय? मंग बर्फ कुठंय?" सगळा वॉर्ड हसला. तिला शांत पडून राहायला सांगितलं होतं. पहिल्या तासात तिने शेजारच्या तिन्ही बायकांची गावं, सुना आणि दुखणी विचारून घेतली.

न्यायला-आणायला इक्बालभाई आहेत. दुकानात माझे शेजारी, पाइप-फिटिंगवाले, आणि घरी खालच्या मजल्यावर राहतात. मस्कतला अठरा वर्षं गाडी चालवली, त्यामुळे खारघरच्या इस्पितळाचा रस्ता त्यांना अंगणासारखा वाटतो. रंभाला मागे बसवून, काच एक इंचभर उघडी ठेवून, बैलगाडीच्या वेगाने नेतात. मी म्हटलं, जरा दाबा. ते म्हणाले, "कमळाकरभाय, भाभीच्या पोटातलं पानी हललं तर धुवायची गाडी मला हाय. तुमी गप बसा."

तुम्ही यावं असं मी लिहीत नाही. आमच्या विनिताच्या लग्नात मांडवातून तुम्ही उठून गेलात, ते तुमचं आणि तुमच्या बहिणीचं. मी त्यात पडत नाही. फक्त कळवलं.

आपला,
कमळाकर


नवीन पनवेल
२९ नोव्हेंबर २००९

सोनाबाय,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोस्टमनने ते कोणाच्या तरी हातात दिलं. एवढं मला पुरे.

दुसरा केमो गुरुवारी झाला. त्याआधी केस गेले. उशीवर, मोरीत, डाळीत. तिचा अंबाडा तुम्हाला आठवत असेल, मूठभर अबोली खोवली तरी मागे जागा उरायची. विनिता आणि इक्बालभाईंची बायको मुबीना, दोघींनी तिला बाल्कनीत बसवून उरलेले काढले. विनिता रडायला लागली. रंभाने आरशात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वीस वर्सं यांचं टक्कल बघतंय मी. सोपं हाय वाटायचं. थंडी वाजते की वो." आता मुबीना तिला रोज रुमाल बांधून देते, आपल्या घरातल्या पद्धतीने. इस्पितळाच्या लिफ्टमध्ये एका म्हाताऱ्या चाचींनी तिला सलाम केला. हिनेही केला, वर तब्येत विचारली.

खाण्याचं मात्र अवघड आहे. आणि ऐका, तुम्हाला खोटं वाटेल, तिला मासळीचा वास सहन होत नाही. करंज्याची पोरगी, बंदरावर वाढलेली, आणि कालवणाचं नाव काढलं तरी तोंड फिरवते. डॉक्टर म्हणाले, औषधाने होतं, जाईल. पण आमच्या विंगमध्ये आठ घरं आणि आठही घरांत मासळी. मुबीनाने काय केलं असेल? घराघरांत जाऊन सांगून आली की केमो झाल्यापासून पाच दिवस कोणी तळायचं नाही. स्वतःचा बांगडा ती बहिणीकडे पोदी गावात जाऊन तळून आणते आणि डबा लिफ्टने न आणता जिन्याने आणते. तिसऱ्या मजल्यावरचे काका कुरकुरले तर म्हणाली, "काका, पाच दिन अंडा खावा. मरत नाय तुमी."

आणि नेमक्या त्याच पाच दिवसांत आपले लोक आले.

आपल्यात आजाऱ्याला बघायला एकटं कोणी जात नाही, हे मी विसरलोच होतो. काल टेम्पो करून सतरा जण आले. डॉक्टरांनी सांगितलंय, रक्तातल्या पेशी कमी आहेत, गर्दी नको. आणि हातात काय, तर सुके बोंबील, जवळा, सोडे. तिच्या तोंडाला चव यावी म्हणून. प्रेमाने आणलेलं, वास मात्र फाटकापासून येत होता. इक्बालभाई खाली गेले. फाटकातच सगळ्यांना खुर्च्या दिल्या, चहा दिला, मोबाइलवर रंभाशी एकेकाला बोलायला लावलं आणि ती बाल्कनीतून हात हलवत राहिली, जशी काही निवडणुकीला उभी आहे. बोंबील इक्बालभाईंनी मोठ्या आदराने ठेवून घेतले. वॉचमनच्या घरी आठवडाभर मेजवानी आहे.

सगळे येऊन गेले. कोण आलं नाही ते तिने मोजलं नाही असं मला म्हणाली. न विचारता म्हणाली.

एक गंमत सांगायची राहिली. गेले पंधरा दिवस रोज सकाळी आठच्या सुमारास घरचा फोन वाजतो. उचलला की कोणी बोलत नाही. थोड्या वेळाने बंद होतो. रंभा म्हणते, राँग नंबर. बरं.

आपला,
कमळाकर


नवीन पनवेल
२७ डिसेंबर २००९

सोनाबाय,

आज थट्टा नाही. तिसऱ्या केमोनंतर पाचव्या दिवशी ताप भरला. तीन दिवस इस्पितळात ठेवलं. आता ती घरी आहे, ताप उतरलाय. पण घरी येताच तिने चप्पल काढली आणि म्हणाली, "तीन झाले. आता बास. चवथ्याला मी जायाची नाय."

विनिताने समजावलं, जावईबापू प्रितमने समजावलं, इक्बालभाईंनी अल्लाची शपथ घातली, मी देवीची. डॉक्टरांनी सात जानेवारीची तारीख दिली आहे. ती भिंतीकडे तोंड करून पडते. तोंड आतून सोललंय, पाणी प्यायचं तरी डोळ्यांत पाणी येतं. तिला नाही कसं म्हणायचं तेही मला कळत नाही.

आता तापातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी तिला शुद्ध अशी नव्हती. गुणगुणत होती. सिस्टर म्हणाली, बडबड आहे. मी कान दिला. तुम्हाला ठाऊक आहे, बंद मोटारीला कान लावून मी बेअरिंग गेलं की कॉइल ते सांगतो. ती बडबड नव्हती. हळदीला गातात तो धवला होता. एक ओळ म्हणायची, मग थांबायची. बरोबर एका ओळीइतकं थांबायची. मग पुढची.

लग्नाआधी दहा वर्षं ती तुमच्या मागे उभी राहून धवले म्हणायची. तुम्ही धवलारीण, ओळ तुम्ही टाकायची, ती तिने उचलायची. उरणपासून गव्हाणपर्यंत एक लग्न तुमच्या दोघींवाचून लागत नव्हतं. तापात ती जी जागा सोडत होती, ती तुमची होती.

आणि आता आठचा फोन. पंधरा दिवस मीही राँग नंबरच म्हणत होतो. मग एकदा मी उचलला. आधी रुपया पडल्याचा आवाज आला, म्हणजे डब्याचा फोन. मागे गलका, टोपल्या आपटल्याचा आवाज, आणि एक इंजिन. दोन सिलिंडरचं, त्यातलं एक चार ठोक्यांनंतर दम टाकतं. हे इंजिन मी ओळखतो. तुमच्या मुलाच्या, काळूरामच्या होडीचं आहे. विनिताच्या लग्नाच्या वर्षी मीच उघडून बघितलं होतं आणि म्हटलं होतं, याचं एक नोझल बदल. बदललं नाही वाटतं.

तेव्हा सोनाबाय, तुम्ही रोज बंदरावर येऊन, डब्यात रुपया टाकून, तुमच्या बहिणीचा श्वास ऐकता. तीही राँग नंबर म्हणत रिसीव्हर मिनिटभर कानाला लावून बसते. दोघी बोलत नाहीत. मी तुमच्या जागी असतो तर बोललो असतो, असं लिहिणार होतो. पण तुम्ही दोघी का बोलत नाही, ते मलाच ठाऊक आहे.

काळूरामला म्हणावं, नोझल बदलायची घाई नको. नाही तर फोन कोणाचा ते मला कळायचं नाही.

कमळाकर


नवीन पनवेल
२ जानेवारी २०१०

सोनाबाय,

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, मी त्यात पडत नाही. खोटं लिहिलं. मी त्यात पहिल्यापासून पडलेलो होतो. बाकी कोणीच नव्हतं.

विनिताच्या लग्नाच्या आदल्या वर्षी मी नवीन पनवेलला ही जागा घेतली. फूटपाथवर बसून पंखे दुरुस्त करणारा मी, मला इंजिनीयर जावई मिळाला, डोंबिवलीचा. मला वाटलं, त्यांच्यासमोर हळदीला दोन बायका उभ्या राहून जुनी गाणी म्हणतील, तर ते हसतील. मी ऑर्केस्ट्रा ठरवला. मग तुम्हाला काय सांगायचं हा प्रश्न आला, आणि मी माझ्या नावावर ते सांगायची हिंमत केली नाही. तुमच्याकडे निरोप पाठवला की रंभाला धवले नको आहेत, तिला पाहुण्यांपुढे लाज वाटते. रंभाला सांगितलं, सोनाबायचा घसा बसलाय, ती स्वतःच नाही म्हणाली.

तुम्ही तरी आलात. मांडवात बसलात. तुम्हाला वाटत होतं, ऐन वेळी बहीण हाक मारील. तिला वाटत होतं, घसा बसलाय म्हणणारी बाय आता एवढी स्वच्छ बोलतेय, म्हणजे हिला माझ्या पोरीसाठी गायचंच नाही. ऑर्केस्ट्रावाल्याने माइक हातात घेतला आणि तुम्ही उठलात. मी ते बघितलं. गर्दीत होतो, दहा पावलांवर. सरबताचे ग्लास मोजत उभा राहिलो.

वर ऐका. महिन्याभराने प्रितमने मला विचारलं, "मामा, हळदीला धवले का नव्हते? माझी आजी त्यासाठीच डोंबिवलीहून आली होती."

काल सकाळी हे सगळं मी रंभाला सांगितलं. उठली, तीन आठवड्यांनी पहिल्यांदा स्वयंपाकघरात गेली आणि चहा केला. एकच कप. माझ्यासमोर बसून तो संपवला, तोंड सोललेलं असताना. मग म्हणाली, "साडेसा वर्सं माजी बाय तुमी माज्यापासून तोडलीत. आता मला जगवायला निघालात?"

दुपारी मुबीना भांडं परत न्यायला आली, तिला रंभाने सगळं सांगितलं. मुबीना माझ्याशी बोलत नाही. इक्बालभाई बोलतात, पण फक्त पाइपांबद्दल.

माफी मागायला हे लिहीत नाही. ती द्यायची की नाही ते तुम्ही सावकाश ठरवा, मी कुठे जात नाही. घाई दुसऱ्याच गोष्टीची आहे. गुरुवारी साडेनऊला गाडी निघेल. ती त्यात बसेल असं दिसत नाही. आठ वाजता तुमचा फोन येईल. यावेळी नुसता श्वास ऐकू नका, एवढंच.

कमळाकर


खारघर, इस्पितळातून
७ जानेवारी २०१०, दुपारी

सोनाबाय,

हे तपासणीच्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितोय. तुमच्या बाजूला काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या बाजूचं सांगतो.

आठला फोन वाजला. रंभा उठली नाही. मीही उचलला नाही. वाजून थांबला. परत वाजला. तिसऱ्यांदा तिने उचलला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी दारामागे होतो. तिथेही मला ऐकू येतं, ही काही नवी गोष्ट नाही.

रुपया पडला. इंजिन होतं, दम टाकणारं. मग तुमचा आवाज आला. हाक नाही, कशी आहेस नाही. धवल्याची पहिली ओळ, हळदीची, बंदरावरच्या एवढ्या गलक्यात, मासळी विकायच्या आवाजात. आणि तुम्ही थांबलात.

किती वेळ थांबलात, सोनाबाय. मी एवढ्या मोटारी चालू केल्या, बटण दाबल्यापासून फिरेपर्यंतचा वेळ मला कधी एवढा लांब वाटला नव्हता. रुपया संपत आल्याची पिपाणी वाजली. दुसरा पडला.

मग तिने उचलली. फाटक्या, सोललेल्या तोंडाने, निम्मे शब्द हवेत. पण सूर तिथेच लागला जिथे लागायला हवा होता. तुम्ही पुढची टाकलीत. तिने उचलली. तिसरा रुपया पडला. चौथ्या ओळीला तिचा श्वास तुटला आणि तुम्ही गाणं सोडून बोललात. एवढं मोठ्याने की मला कान द्यावा लागला नाही: "आवाज काय गो यो, रंभे? फुटक्या मडक्यागत. दवा घेत नाय काय तू?"

रंभा म्हणाली, "घेतंय. आज हाय."

"मंग हितं काय करतेस? जा."

फोन ठेवून तिने मला हाक मारली. सहा दिवसांत पहिल्यांदा. "दारामागनं बाहेर या. माजा रुमाल कुठंय?"

चौथी बाटली आता अर्धी झाली आहे. ती झोपली आहे. ओठ हलतायत, मध्ये जागा सोडून.

क.


नवीन पनवेल
२४ फेब्रुवारी २०१०

सोनाबाय, नमस्कार.

तुम्ही पाचव्या आणि सहाव्याला आलात, महिनाभर राहिलात आणि एवढ्या काळात माझ्याशी एकूण अकरा वाक्यं बोललात. त्यांतली सात चहाबद्दल होती. तक्रार नाही. घरात मला आता सासू आहे असं वाटत होतं, ती सोय मला लग्नात मिळाली नव्हती.

तुम्ही सोमवारी गेलात. मंगळवारी डॉक्टरांना भेटलो. सहा पूर्ण. आता तीन महिन्यांनी तपासणी, मग पुन्हा तीन महिन्यांनी. पुढचं कोणी सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. डोक्यावर लव आली आहे. मुबीना रोज हात फिरवून बघते आणि म्हणते, "भाभी, मखमल." काल रात्रीच्या जेवणाला रंभाने स्वतः कालवण मागितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना कळताच त्यांनी पापलेट तळून वर पाठवलं, विंगच्या वतीने.

वॉर्डातल्या बायका तुमची चौकशी करतात. सहाव्या वेळी तुम्ही दोघींनी हळू आवाजात सगळ्यांना हळद म्हणून दाखवलीत, तेव्हा सिस्टर रागवायला आली होती, ती दारातच का थांबली ते तुम्हाला सांगायचं राहिलं. ती अलिबागकडची आहे. तिच्या आईनेही कोणाच्या तरी मागे उभं राहून ओळी उचललेल्या.

आता मुद्द्याचं. जाताना तुम्ही विनिताला म्हणालात, "तुजी हळद राहिलीय माज्याकडं." पोरगी गंमत समजून हसली. मी हसलो नाही. मी प्रितमला विचारलं. तो म्हणाला, "मामा, रविवार असेल तर मला चालेल." त्याची आजी नव्वदची आहे, तिला घेऊन येतो म्हणाला. नात प्रांजल मात्र गोंधळली आहे. शाळेत सांगून आली, माझ्या आईबाबांची हळद आहे. बाईंनी विनिताला फोन करून विचारलं, सगळं ठीक आहे ना.

तारीख चौदा मार्च, रविवार. तोवर रंभाच्या पेशी वर येतील, डॉक्टरांना विचारून घेतलंय. मांडव गच्चीवर, चार बांबूंचा. माइक नाही, कर्णा नाही. इक्बालभाईंनी बजावलंय की कोणी वाजंत्री बोलावली तर ते स्वतः फाटकात उभे राहतील. बोंबील आणणाऱ्यांना यावेळी वरपर्यंत सोडणार आहेत.

धवलारणीला बोलवायची आपली एक रीत आहे. मुलीच्या बापाने स्वतः तिच्या दारात जायचं, नारळ द्यायचा आणि सांगायचं, माझ्या घरी कार्य आहे, तुमच्यावाचून अडलंय. माणूस पाठवून हे होत नाही. २००३ साली मी माणूस पाठवला होता, तोही उलटा निरोप घेऊन.

येत्या रविवारी सकाळी मी करंज्याला येतोय. इक्बालभाई म्हणाले, सोडतो. मी नको म्हटलं, एसटीने येतो, एकटा. दारात उभा राहीन. तुम्ही बाहेर यायला वेळ लावलात तरी चालेल.

एका हातात नारळ असेल. दुसऱ्या हातात हत्यारांची पिशवी. काळूरामला म्हणावं, होडी बंदरातच ठेव. त्याचं ते नोझल बदलून टाकतो. आता तुम्ही फोनवर बोलता, मला इंजिनावरून ओळखायची गरज उरली नाही.

तुमचा,
कमळाकर

ता. क. रंभा म्हणते, पत्रात लिहा की यावेळी ओळ जरा वरच्या पट्टीत टाक. तिला जमेल.